मृणालताई गोरे: गोरेगावातली राजकारणाची शाळा

श्रोतेहो, नमस्कार.

मृणाल गोरे हे नाव निघालं की महागाईविरुद्धचा बायकांचा लाटणं मोर्चा आठवतो. पण त्या मोर्चाला बळ कुठून आलं हे कळायचं तर त्याआधीच्या वीस वर्षांतलं गोरेगाव पाहायला हवं.

जन्म 1928 चा, माहेरच्या त्या मोहिले. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या आणि केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न करून गोरेगावात संसार मांडला. तिथे तेव्हा ग्रामपंचायत होती. तीत त्या निवडून आल्या. 1957 मध्ये गोरेगाव मुंबई महापालिकेत गेलं. पुढच्याच वर्षी बंडू गोरे गेले. 1961 मध्ये मृणालताई नगरसेविका झाल्या.

उपनगरांत कामगारांच्या झोपडपट्ट्या वाढत होत्या. वस्ती अनधिकृत, तिला नळ दिला तर ती मान्य केल्यासारखं होईल, ही पालिकेची भूमिका. जागेचा वाद जागेपुरता ठेवा, पाणी आधी द्या, हे ताईंनी लावून धरलं. सभागृहात प्रश्न आणि बाहेर बायकांचे मोर्चे, असा दुहेरी रेटा. ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनीच दिलं.

1972 च्या दुष्काळात तेल, साखर, रॉकेल मिळेनासं झालं. महागाईविरोधी महिला समितीत अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी या कम्युनिस्ट आणि मृणालताई, प्रमिला दंडवते या समाजवादी एकत्र आल्या. पक्षांचं एकमेकांशी पटत नसताना हे जमलं, याचं मोल मला फार वाटतं. लाटणं घेऊन बायका रस्त्यावर आल्या. तान्हं मूल सोडून जिला मोर्चाला येणं शक्य नव्हतं, तिच्यासाठी थाळीनाद होता: ठरल्या वेळी आपल्याच दारात रिकामी थाळी वाजवायची. त्यामुळे चाळच्या चाळ आंदोलनात उतरली.

आणीबाणीत त्यांना तुरुंगवास घडला. 1977 मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या, इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या आणि घोषणा घुमली: ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!’

पुढे विधानसभेत गर्भलिंग चाचणीविरुद्ध त्यांनी विधेयक आणलं. 1988 मध्ये महाराष्ट्राने तसा कायदा केला, देशात पहिला.

घरांची लढाई मात्र सर्वांत चिवट. 1976 च्या कमाल नागरी जमीनधारणा कायद्याने मुंबईत एका मालकाला 500 चौरस मीटरच मोकळी जमीन ठेवता येत होती. जास्तीची सरकारने घेऊन गरजूंच्या घरांना द्यायची. प्रत्यक्षात कायद्यातल्या सवलतीच्या कलमातून जमिनी सुटत राहिल्या. बाबूराव सामंतांसोबत ताईंनी नागरी निवारा परिषदेतर्फे हा झगडा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. दिंडोशीत सहकारी तत्त्वावर सहा हजारांवर घरं उभी राहिली.

ताई 2012 मध्ये गेल्या. झोपडी बेकायदा म्हणून पाणी नाकारता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2014 च्या डिसेंबरात सांगितलं.