भाजलेला बटाटा आणि कोठडीतली दारू

ऑक्टोबर २०११ मध्ये अमेरिकेतील युटा राज्याच्या तुरुंगातले आठ कैदी आजारी पडले. एकाच्या जागी दोन वस्तू दिसणे, जीभ जड होणे, घास न गिळवणे अशी या आजाराची लक्षणे. निदान झाले बोटुलिझमचे, म्हणजे जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराचे, आणि माग निघाला तो कोठडीत चोरून आंबवलेल्या दारूपर्यंत, जिला तिथले कैदी 'प्रुनो' म्हणतात.

फळे आणि साखर पिशवीत दडवून आंबवण्याचा हा उद्योग तिथे जुनाच आहे. या खेपेला मात्र त्यात बटाटा पडला होता. जेवणात आलेला भाजलेला बटाटा एकाने बाजूला काढला, कित्येक दिवस तसाच बाहेर ठेवला आणि मग नखांनी सोलून पिशवीत टाकला.

क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात, त्यामुळे ते बटाट्याच्या सालीवरही असू शकतात. भाजल्याने ते मरत नाहीत. साध्या उकळण्यालाही ते दाद देत नाहीत. फळांच्या आंबट रसात त्यांना सहसा वाढता येत नाही, पण बटाट्यात पुरेसे आम्ल नसते, आणि हवाबंद, उबदार जागा मिळाली की ते रुजून विष तयार करतात. या विषाला वास नाही, चव नाही, आणि अशा दारूतल्या अल्कोहोलने ते नष्टही होत नाही. (प्रुनोची चव मुळातच इतकी वाईट असते की चवीवरून काही ओळखण्याचा प्रश्नच येत नाही.)

खरी पंचाईत पुढे आहे. जड जीभ, मिटू पाहणाऱ्या पापण्या आणि तोल जाणे पाहून पहारेकऱ्याला वाटते, चढली आहे. प्रत्यक्षात रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो, आणि लकवा चेहऱ्याकडून खाली सरकत छातीच्या स्नायूंपर्यंत पोहोचला की श्वासच अडतो. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला रोखते. मज्जातंतूंना आधीच जखडलेले विष मात्र त्याने सुटत नाही, आणि मग कृत्रिम श्वासावर कित्येक आठवडे काढावे लागू शकतात.

२०१२ मध्ये ॲरिझोनातील एकाच तुरुंगात ही साथ दोनदा आली. २०१६ मध्ये मिसिसिपीतील संघीय तुरुंगात ३१ कैद्यांना तिने गाठले.

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत प्रतिविष देणे लांबवता येत नाही. त्यामुळे काय प्यायलास, त्यात काय घातले होते, आणखी कोण प्यायले, या प्रश्नांना शिक्षेच्या धास्तीतला कैदी काय उत्तर देतो, त्यावर डॉक्टरांना बरेच विसंबावे लागते.