वॉर टाइमची पत्रिका : सप्टेंबर १९४२, खान्देश

[दृश्य : नंदुरबार स्टेशन, फलाटावरचं घड्याळ]

१ सप्टेंबर १९४२ ला इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातली घड्याळं एक तास पुढे केली. महायुद्ध पेटलेलं होतं, दिवसाचा उजेड जास्त वापरून बचत करायची होती, म्हणून हा वॉर टाइम. ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असणारा आपला स्टँडर्ड टाइम साडेसहा तास पुढे गेला आणि १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तसाच राहिला. आता यात पत्रिकेचा काय संबंध? तर सगळा संबंध इथंच आहे, कारण त्या तीन वर्षांत जन्मलेल्या ज्या बाळाची वेळ स्टेशनच्या नाहीतर कचेरीच्या घड्याळावरून टिपली गेली, आणि पुढे पत्रिका करताना तो एक तास वजा करायचा राहिला, त्या बाळाचं लग्नच बदलू शकतं. लग्न म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वेला जी रास उगवत असते ती, आणि ती साधारण दोन तासांनी बदलते, त्यामुळे एक तास ही काही लहान गोष्ट नाही.

एक दिवस धरून बघू. १० सप्टेंबर १९४२, गुरुवार, श्रावण अमावस्या. म्हणजे पोळा. खान्देशात पोळा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, बैलांना आंघोळी, शिंगांना रंग, गोंडे, झूल, आणि घरात खापरावरची पुरणपोळी.

समजा त्या दिवशी नंदुरबारात एका घरी मूल झालं आणि कुणीतरी घड्याळात बघितलं तर सकाळचे ७ वाजलेले. पहिला तास वॉर टाइमचा, तो काढा, राहिले ६. पण एवढ्यावर भागत नाही, कारण स्टँडर्ड टाइम साडेब्याऐंशी रेखांशाचा, तिकडे मिर्झापूरकडचा, आणि नंदुरबार आहे सव्वाचौऱ्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली तर अजून ३३ मिनिटं वजा होतात. म्हणजे घड्याळात ७ आणि गावाची खरी वेळ ५ वाजून २७ मिनिटं! त्या दिवशी वॉर टाइमप्रमाणे सूर्य उगवला तोच मुळी सव्वासातच्या पुढे. म्हणजे हे बाळ सूर्योदयाच्या आधीचं, लग्न सिंह, आणि आपल्याकडे वार सूर्योदयापासून मोजतात म्हणून पत्रिकेत बुधवार. तोच तास काढायचा विसरला तर जन्म सूर्योदयानंतरचा, लग्न कन्या, वार गुरुवार. मूल तेच, आई तीच, खोली तीच, आणि दोन वेगळ्या पत्रिका.

[दृश्य : हातानं काढलेली जुनी कुंडली, बोट पहिल्या घरावर]

बाकी आकाश मात्र सगळ्यांना सारखं होतं. त्या दिवशी रवि सिंहेत, चंद्र सिंहेत, राहूही सिंहेतच. अमावस्येला खंडग्रास सूर्यग्रहण लागलं होतं, पण ते लागलं तेव्हा आपल्याकडे रात्र होती, त्यामुळे खान्देशातून दिसायचा प्रश्नच नव्हता. त्या सकाळचं चंद्रनक्षत्र पूर्वा फाल्गुनी, म्हणून नावाची अक्षरं मो, टा, टी, टू. आणि शनी वृषभेत, तोही रोहिणी नक्षत्रात. जुन्या जाणत्या माणसांना हे ऐकून धस्स होतं, कारण दशरथाची कथा त्यांना पाठ असते, शनी रोहिणीचा शकट, म्हणजे तिथल्या तारकांचा गाडा, भेदायला निघाला, तसं झालं तर बारा वर्षं दुष्काळ पडणार म्हणून दशरथ रथात बसून थेट नक्षत्रमंडळात जाऊन त्याला आडवा गेला. आता हेही सांगायला पाहिजे की शनी रोहिणी नक्षत्रात असणं वेगळं आणि त्या तारकांच्या गाड्यामधून आरपार जाणं वेगळं. त्यासाठी शनी जितका दक्षिणेला सरकायला लागतो तितका तो आपल्या काळात सरकत नाही. शनी रोहिणीत साधारण तीस वर्षांनी येतोच, त्याला घाबरायचं कारण नाही असं मला मनापासून वाटतं. बंगालमध्ये १९४३ ला भयंकर दुष्काळ पडला हे खरं, पण ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्यानं तिकडचा तांदूळ बंद झाला होता, भाव भडकले होते, आणि सरकारचं लक्ष लढाईकडे होतं. त्याचं खापर शनीवर फोडणं मला पटत नाही.

आणि त्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, ९ सप्टेंबरला, नंदुरबारात काय झालं ते तर अख्ख्या खान्देशाला माहीत आहे. चले जावची चळवळ सुरू होऊन महिना झाला होता, गांधीजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत, महादेवभाई देसाई १५ ऑगस्टला तिथंच वारलेले. नंदुरबारच्या पोरांनी तिरंगा घेऊन मिरवणूक काढली आणि पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्याम शहा. पाच जण गेले. शिरीषकुमार तेव्हा १५ वर्षांचा होता, जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. आज माणिक चौकात स्मारक आहे, नंदुरबारला गेलात तर तिथं जाच.

[दृश्य : माणिक चौक, हुतात्मा स्मारक]

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आपल्या पोळ्याच्या दिवशी, तिकडे लंडनच्या पार्लमेंटमध्ये चर्चिल हिंदुस्थानावर बोलायला उभा राहिला आणि काँग्रेस म्हणजे सगळा हिंदुस्थान नव्हे असं ठासून सांगितलं. व्होल्गाकाठी जर्मन फौजा स्टालिनग्राडला भिडल्या होत्या, १३ तारखेपासून शहराच्या मध्यावर हल्ला सुरू झाला. १७ तारखेला अमेरिकेत जनरल ग्रोव्हजच्या हातात अणुबॉम्बचं काम दिलं गेलं. आपल्या पोळ्याच्या सकाळी स्टालिनग्राडमध्ये एखादं मूल जन्मलं असेल तर त्याचीही रास सिंहच की! रास म्हणजे जन्माच्या वेळी चंद्र जिच्यात असतो ती, आणि ती साऱ्या जगाची एक असते. आपल्या गावाचं, आपल्या मातीचं पत्रिकेत जे काही उतरतं ते लग्नात, कारण ते त्या गावाच्या क्षितिजावरून ठरतं, आणि युद्धानं नेमका तिथंच एक तास घुसवून ठेवला.

हा हिशेब खान्देशाला नवा नाही. चाळीसगावजवळ पाटणला जा, पाटणादेवीच्या डोंगरात. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी, त्यानं तिथं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, तसा शिलालेखच आहे. आणि भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत देशांतर संस्कार आहे, म्हणजे गाव पूर्वेला की पश्चिमेला त्याप्रमाणे वेळ दुरुस्त करायची. साडेआठशे वर्षांपूर्वी! आपण वर जी ३३ मिनिटं काढली ना, त्याच्या मुळाशी तेच गणित.

म्हणून तुमच्या घरात सप्टेंबर ४२ ते ऑक्टोबर ४५ मधलं कुणी असेल, आजी, आजोबा, मोठे मामा, तर त्यांचं जन्मटिपण काढा आणि वेळ कशावरून लिहिली ते आधी विचारा. स्टेशनच्या भोंग्यावरून, शाळेच्या घंटेवरून, की दिवस कासराभर वर आला होता म्हणून? दिवसाच्या मापानं सांगितली असेल तर काहीच वजा करायचं नाही, सूर्यानं वॉर टाइम पाळलेला नाही. घड्याळाची असेल तर पत्रिका करणाऱ्याला स्पष्ट सांगा की हा वॉर टाइम आहे, आणि कॉम्प्युटरवर करत असतील तर सॉफ्टवेअरनं तो तास धरलाय का ते तारीख टाकून बघा, कारण काही जण आधीच हातानं तास कमी करून देतात, मग सॉफ्टवेअर परत एक तास काढतं, आणि पत्रिका दुसऱ्या बाजूनं चुकते.