लाइट गेल्यावर कुणाचं नेट चालतं?

नवं कनेक्शन घेताना लातूर-परभणीकडं दोनच प्रश्न ठरलेले असतात: स्पीड किती आणि महिन्याला किती? लोडशेडिंगच्या भागात तिसरा प्रश्न या दोन्हींच्या आधी विचारायला हवा. ऑपरेटरच्या केंद्रापासून आपल्या घरापर्यंत वाटेत किती ठिकाणी वीज लागते?

खांबावरची ही काळी पेटी बघा. आत स्प्लिटर आहे. एका फायबरमधला प्रकाश इथं आठ घरांत विभागतो. याला ना बॅटरी लागते, ना मीटर. त्यामुळं सगळ्या गावाची लाइट गेली तरी केंद्रातला बॅकअप शाबूत असेपर्यंत फायबर चालू राहतं. फायबरचं टोक घरात ज्या डबीला लागतं त्या ओएनटीला मात्र वीज हवीच. बहुतेक ओएनटी १२ व्होल्टवर चालतात. अॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून मगच मिनी यूपीएस घ्या. राउटर वेगळा असेल तर दोघांनाही बॅकअप द्यावा लागतो.

केबल टीव्हीच्या तारेवरून येणाऱ्या नेटचं तसं नाही. वाटेत सिग्नल वाढवणाऱ्या अॅम्प्लिफायरला वीज लागते. तो बंद पडला की पुढची सगळी गल्ली बंद, तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणाऱ्या नेटची, म्हणजे एडीएसएल २ प्लसची, मर्यादा २४ एमबीपीएस, तीही एक्स्चेंजच्या जवळच. चार-पाच किलोमीटरवर फार थोडं उरतं आणि पावसात जोड भिजले की तेही जातं. दुसरं काही मिळत असेल तर हे घेऊ नका.

फायबर न पोचलेल्या वस्तीवर, शेतातल्या घरावर गच्चीवरचा रेडिओ, म्हणजे टॉवरवरून हवेतून नेट घेणारा अँटेना, कामाला येतो. समोरचा टॉवर उघडा दिसला पाहिजे; मधला कडुलिंब पालवला की सिग्नल पडतो. रेडिओला वीज लॅन केबलमधूनच जाते आणि वळवाच्या पावसात विजेचा झटका त्याच केबलनं घरात उतरतो. सर्ज प्रोटेक्टर आणि अर्थिंग नसेल तर रेडिओबरोबर राउटरही जळतो. फाइव्ह-जी एअर कनेक्शन बसवायला सगळ्यात सोपं, पण टॉवर सगळ्यांचा; संध्याकाळी सगळे मोबाइल उघडतात तेव्हा वेग उतरतो. पत्र्याच्या घरात अँटेना बाहेरच लावा.

म्हणजे फायबर मिळत असेल तर फायबरच. पण त्याचीही दुखणी आहेत. ऊसतोडीच्या दिवसांत उंच भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावरून आडव्या गेलेल्या केबली ओढून नेतात. पाइपलाइनला जेसीबी लागला की जमिनीतली केबल तुटते. ओएनटीवर लॉसची लाल लाइट लागली तर राउटर दहादा बंद-चालू करून उपयोग नाही. प्रकाशच येत नाहीये.

लाल लाइट नाही, तरी नेट अडखळतं? मग हिशोब बघा. केंद्रातून प्रकाश साधारण ३ डीबीएम ताकदीनं निघतो; आकडा जितका खाली, प्रकाश तितका क्षीण. आठचा एक स्प्लिटर त्यातले जवळपास १० डेसिबल खातो, म्हणजे आकडा दहानं खाली येतो. वाटेत असे दोन असले की घरी उणे १७-१८ पोचतात, त्यातून केबलची आणि जोडांची घट वेगळी. उणे २७ च्या खाली ओएनटीचा भरवसा नाही. खिळ्याभोवती कचकन वाकवलेली केबल, धूळ बसलेलं टोक किंवा हिरव्या कनेक्टरमध्ये घुसवलेला वेगळ्या जातीचा निळा कनेक्टर, यातलं एकही उरलेली शिल्लक संपवायला पुरेसं आहे. टोक बोटानं पुसू नका, त्यात डोकावूही नका.

कनेक्शन देणाऱ्या मुलाकडं ही ताकद मोजणारं पॉवर मीटर असतं. पहिल्याच दिवशी रीडिंग घ्यायला लावा आणि तारखेसह ओएनटीच्या मागं चिकटवून ठेवा. नंतर तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ म्हणण्याऐवजी ‘उणे १९ होतं, आता उणे २६ झालंय’ असं सांगा. मग राउटर बदलून बघू म्हणत कुणी वेळ काढत नाही, थेट जोड तपासायला खांबावर चढावं लागतं.