बाळाचं नाव फक्त बाळालाच माहीत

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्या घरातलं कोणी परदेशात असेल, मुलगा, जावई, पुतण्या, भाची, तर आज रात्री त्याला फोन करा आणि एकच प्रश्न विचारा. तुझ्या पासपोर्टची मुदत कधी संपते? 'आहे की अजून' असं उत्तर आलं तर ऐकून घेऊ नका. पासपोर्ट हातात घ्यायला सांगा आणि तारीख मोठ्याने वाचून घ्या.

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे एकवीस वर्षं शारजात होते. आमच्या बिल्डिंगमधल्या, मग गल्लीतल्या, मग ओळखीच्या ओळखीतल्या लोकांचे पासपोर्टचे अर्ज माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरले गेले. त्यामुळे हे बोलणं पुस्तकातलं नाही, त्या टेबलावरचं आहे.

मोठ्या माणसाचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, पण तो दहा वर्षं वापरता येतो असं समजू नका. बऱ्याच देशांत शिरताना पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. नसेल तर विमानतळावरच्या काउंटरवरूनच माणूस परत फिरतो. म्हणून हाताशी साडेनऊ वर्षं आहेत असं धरा. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नव्यासाठी अर्ज करता येतो. पुन्हा सांगते, वर्षभर आधीपासून. आपण 'रिन्यू करणं' म्हणतो, सरकारी भाषेत ते 'री-इश्यू' आहे, म्हणजे नवं पुस्तक आणि नवा नंबर. जुन्या पुस्तकात चालू व्हिसा असेल तर तेही जपून ठेवायचं.

परदेशात राहणाऱ्याने अर्ज करायचा तो तिथल्या आपल्या दूतावासाकडे किंवा वकिलातीकडे, म्हणजे कॉन्सुलेटकडे, आणि आपण कुठल्या कार्यालयाच्या हद्दीत येतो ते आधी बघायचं. अमिरातीत अबू धाबीत राहणारा अबू धाबीच्या दूतावासाकडे जातो. शारजा, अजमान, फुजैरा हे सगळं दुबईच्या वकिलातीकडे येतं. अर्ज आता ऑनलाइन भरतात, त्याची प्रिंट काढून सही करून कागद घेऊन जायचं. बऱ्याच देशांत कागद घेण्याचं काम बाहेरच्या कंपनीच्या केंद्राकडे दिलेलं असतं. पासपोर्ट मात्र देतं भारत सरकारच.

या सगळ्यात माणसं अडकतात ती एकाच रकान्यात. नावाच्या.

आता मी तुम्हाला शारजातली एक गोष्ट सांगते. ती सांगायचीच होती मला.

साल २००८. आमच्या वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं होतं, देवरुखकडचं. तो एसीच्या कामात ड्राफ्ट्समन. एका शनिवारी त्यांना मुलगी झाली. इकडे गावी त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात घालवलेले मास्तर. त्यांनी निरोप पाठवला, नात डोळ्यांनी बघायची आहे. बाळाला न्यायचं तर बाळाचा पासपोर्ट हवा. पासपोर्ट हवा तर तिथला जन्माचा दाखला हवा. आणि दाखल्याच्या अर्जात पहिलाच रकाना बाळाच्या नावाचा.

गुरुवारी संध्याकाळी तो दोन्ही अर्ज घेऊन माझ्याकडे आला. मी पेन उघडलं आणि विचारलं, नाव काय ठेवलंत? तो म्हणाला, 'वहिनी, नाव नाही ठेवलेलं. बारसं बाराव्या दिवशी. आणि नाव आत्या ठेवणार.' आत्या म्हणजे त्याची थोरली बहीण, डोंबिवलीला. तिने नाव ठरवून ठेवलं होतं आणि कोणालाच सांगितलं नव्हतं. भावालासुद्धा नाही. पहिलं बाळाच्या कानात सांगणार, असा तिचा हट्ट. आणि मला तो हट्ट बरोबरच वाटतो. आत्याला आपल्याकडे या एका दिवसापुरता तरी मान आहे, तो तिने घ्यावा.

मी म्हटलं, अर्ज राहू दे. वर गेले तर बाळंतिणीच्या आईने सटीची पूजा मांडलेली. तुम्हाला माहीतच आहे, सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून उशाशी कोरा कागद आणि पेन ठेवतात. शारजात पाटा-वरवंटा कुठून आणणार? त्या माउलीने खलबत्त्यावर भागवलं होतं. कोरा कागद मात्र घरात नव्हता, शेवटचा दूधवाल्याच्या हिशेबाला गेलेला. मी हातातल्या कागदांकडे पाहिलं. जन्माच्या दाखल्याचा अर्ज, नावाचा रकाना कोरा. तोच उशाशी ठेवला, वर माझं पेन. बाळंतिणीची आई म्हणाली, 'बरं झालं, लिहायला जागा आखूनच दिलीय.'

सकाळी पाहिलं तर रकाना कोराच होता. शुक्रवार होता. तेव्हा तिकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी. रविवारी सकाळी अर्ज घेऊन जायचं होतं. म्हणजे नाव दोन दिवसांत हवं. आत्याला फोन लावला. त्या काळात भारतात बोलायचं ते कॉलिंग कार्डावर. कार्ड खरवडायचं, लांबलचक नंबर दाबायचा, मग पलीकडची बाई सांगणार किती मिनिटं शिल्लक. सगळी हकीकत सांगण्यातच मिनिटं गेली. आत्या आधी रुसली, मग अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, नाव काढताच गप्प झाली, मग म्हणाली, 'फोन लाव तिच्या कानाला.'

साडीची झोळी बांधली होती, तिच्यात बाळ. मी मोबाइल त्या एवढ्याशा कानाशी धरला. आत्या काहीतरी हळूच बोलली. मग मोठ्याने 'कुर्रर्र' आणि लगेच धपाधप आवाज. डोंबिवलीत तिची मुलं तिच्या पाठीत बुक्के घालत होती. आम्ही सगळे हसलो, बाळ दचकून रडलं, बाळंतिणीने डोळे पुसले. आणि फोन बंद पडला.

कार्ड संपलं होतं.

श्रोतेहो, त्या क्षणी त्या खोलीत पाच माणसं होती आणि बाळाचं नाव फक्त बाळालाच माहीत होतं.

त्याच्या मोबाइलमध्ये पैसे नाहीत, माझ्यातही नाहीत. आत्याच्या फोनवरून परदेशात फोन लागत नव्हता. तो धावत खाली केरळी माणसाच्या ग्रोसरीत गेला, तर शटर खाली, जुम्म्याच्या नमाजाची वेळ. पार रोल्याच्या बाजारापर्यंत चालत गेला, तिथेही तेच. जूनमधलं दुपारचं ऊन. परत आला तेव्हा शर्ट अंगाला चिकटलेला. मग आम्ही बसून राहिलो. तासभर प्रत्येक जण त्या मुलीच्या तोंडाकडे बघत होता, जणू ती सांगणारच आहे.

दुकान उघडलं, कार्ड आलं, फोन लागला. आत्याने नाव सांगितलं. ते मी इथे सांगत नाही, मुलगी आता कॉलेजात जाते, तिचं नाव तिचं आहे. एवढंच सांगते की त्यात 'ळ' आहे. आणि 'ळ' इंग्रजीत नाही. तिथे 'एल' लिहायचा आणि पुढे जायचं. यावर लोक अर्धा अर्धा तास घालवतात.

इथे एक मनातलं बोलते. अंकशास्त्रवाल्यांच्या सांगण्यावरून नावात जास्तीचा 'ए', जास्तीचा 'ई' घालणं बंद करा. माझ्या टेबलावर एक गृहस्थ आले होते, त्यांच्या डिग्रीवर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं, नोकरीच्या करारावर तिसरं. तीन महिने त्यांची झोप उडाली होती. त्या अक्षराने कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

तर नाव लिहिलं. मधलं नाव वडिलांचं. आणि आडनावापाशी तो थांबला. १९९९ साली मुंबईत एका एजंटाने त्याचा अर्ज भरला होता आणि आडनावात एक 'ए' जास्त पडला होता. नऊ वर्षं तो तसाच चालवत होता. तो म्हणाला, 'वहिनी, तिचं तरी बरोबर लिहूया. माझी चूक तिच्या माथी कशाला?' मला त्याचं म्हणणं मनापासून पटत होतं. पण मी नाही म्हटलं. बापाच्या पासपोर्टवर एक आडनाव आणि लेकीच्या पासपोर्टवर दुसरं, म्हणजे पुढे प्रत्येक काउंटरवर ही तुमचीच मुलगी का, याचं उत्तर देत बसायचं. तुझं दुरुस्त करायला आत्ता वेळ नाही, अण्णा वाट बघताहेत. त्याने एक शब्द न बोलता तो जास्तीचा 'ए' लिहिला.

फोटोची एक वेगळीच कथा. पांढरी पार्श्वभूमी हवी, डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं, कुणाचा हात दिसता कामा नये. सहा-सात दिवसांच्या बाळाला हे कोण समजावणार? पांढऱ्या चादरीवर निजवून पहाटे पाच वाजता काढला, दूध पिऊन झाल्यावर. नवीन आईबापांनो, हेच करा. दूध पाजल्यावर, चादरीवर निजवून, वरून.

पासपोर्ट झाला, मग व्हिसा झाला, मंडळी देवरुखला गेली. पुढचं त्याने परत आल्यावर मला सांगितलं. अण्णांना उचलून बसवलं आणि मांडीवर नात ठेवली. त्यांनी तिला डोळे भरून पाहिली. मग म्हणाले, 'तिचा पासपोर्ट दाखव.' चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, शाळेतल्यासारखं. म्हणाले, 'आडनावात एक ए जास्त आहे.' हा म्हणाला, 'हो अण्णा. माझ्यातही आहे.' अण्णा म्हणाले, 'मग आधी तुझा सुधार.' आणि पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढायला लावून त्यातून त्याचा शाळा सोडल्याचा दाखला काढून दिला. जपून ठेवलेला, घडीवर पिवळा पडलेला.

त्या दिवाळीच्या आधी अण्णा गेले. २००९ साली त्याच्या पासपोर्टची मुदत संपत आली, तेव्हा तोच दाखला जोडून त्याने आडनाव दुरुस्त करून घेतलं. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, म्हणून २०१३ साली मुलीचा नवा करताना तिचंही झालं. आधी बापाचं, मग मुलीचं. हाच क्रम. आधी आपलं, मग मुलाचं.

वेळ भराभर संपतोय, तर राहिलेलं पटकन सांगते.

आडनावाचा रकाना कोरा ठेवू नका. जुन्या पासपोर्टांत पुष्कळांचं सगळं नाव एकाच रकान्यात कोंबलेलं असतं, काहींचं तर नुसतंच एक नाव असतं. नोव्हेंबर २०२२ पासून अमिरातीने पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असलेल्या प्रवाशांना व्हिजिट व्हिसावर घेणं बंद केलं. नाव वेगळं, आडनाव वेगळं, दोन्ही रकाने भरलेले हवेत.

लग्न झालेल्या मुलींनो, पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असं कुठल्याही कायद्यात नाही. माहेरचं नाव ठेवायचं असेल तर निर्धास्त ठेवा. आपल्याकडे आडनावच काय, पहिलं नावही बदलायची पद्धत, आणि मग डिग्री एका बाईची आणि पासपोर्ट दुसऱ्या बाईचा. मला ती पद्धत कधीच आवडली नाही. बदलायचंच असेल तर सगळीकडे एकदम बदला.

बाळ परदेशात जन्मलं तर आपल्या वकिलातीत त्याची जन्मनोंदणी एका वर्षाच्या आत करा. नागरिकत्वाच्या कायद्यातच ती मुदत आहे. बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आईवडिलांनी लिहून द्यायचं असतं. अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला तिथलं नागरिकत्व जन्मतःच मिळतं. त्याचा तिथला पासपोर्ट काढलात तर भारताचा मिळत नाही, मग ओसीआय कार्डाचा रस्ता, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देतं ते कार्ड. आणि १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही.

अर्जात भारतातला पत्ता दिलात तर पोलीस चौकशी त्या पत्त्यावर येऊ शकते. गावच्या घराला कुलूप असेल तर शेजाऱ्यांना सांगून ठेवा. आई-वडील असतील तर त्यांना आधी कळवा. खाकी कपड्यातला माणूस अचानक दारात आला की म्हातारी माणसं घाबरतात, मुलाचं काय झालं म्हणून.

आणि हे आखातातल्या भावांसाठी, त्यांच्या घरच्यांनी त्यांच्यापर्यंत पोचवावं. पासपोर्ट नोकरी देणाऱ्या मालकाच्या कपाटात ठेवायला देऊ नका. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात स्पष्ट लिहिलंय, पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. मालकाची नाही. मी अशी माणसं पाहिली आहेत, ज्यांना घरी मयत झाली तरी पासपोर्टासाठी मालकाच्या दारात उभं राहावं लागलं. ते आठवलं की अजून माझा गळा भरून येतो. पासपोर्ट हरवला किंवा मिळतच नसेल तर पोलिसांत तक्रार करा आणि आपल्या वकिलातीत जा. तातडीने मायदेशी परतायचं असेल तर तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. ते फक्त भारतात येण्यापुरतं, एकेरी. पण घरी पोचवतं.

फोन करा आज रात्री. तारीख वाचून घ्या, आणि त्याच बैठकीत नावाचं एकेक अक्षर, बोट ठेवून.

नमस्कार.