अळिय रामराय : सिंहासनामागची बावीस वर्षं

(दृश्य : हस्तलिखितातलं चित्र, अगदी जवळून)

हे चित्र पुण्यात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहातल्या ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या फार्सी हस्तलिखितात. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाचं गुणगान करणारं हे काव्य आफताबी नावाच्या कवीनं रचलं. चित्रात ज्याचं मस्तक उतरवलं जातंय, तो विजयनगरचा रामराय. तारीख 23 जानेवारी 1565, तालिकोटच्या लढाईचा दिवस.

रामराय म्हटलं की बहुतेकांना हा एकच दिवस आठवतो. पण या दिवसाआधी दक्षिणेचं राजकारण बावीस वर्षं या माणसाच्या हातात होतं. त्या वर्षांकडे पाहिल्याशिवाय या चित्राचा अर्थ लागत नाही.

(दृश्य : हंपी, राजवाड्याच्या परिसरातली पायऱ्यांची पुष्करणी)

रामराय आरवीडू घराण्यातला. गोवळकोंड्याची तवारीख सांगते, की उमेदीच्या काळात तो कुली कुतुबशहाच्या चाकरीत होता. तिथून तो विजयनगरला आला आणि कृष्णदेवरायाच्या नजरेत भरला. इतका, की रायानं त्याला आपली मुलगी दिली. म्हणून तो अळिय रामराय, जावई रामराय.

1529 मध्ये कृष्णदेवराय गेला. रामरायाला रायाचा तान्हा मुलगा गादीवर हवा होता, म्हणजे कारभार आपोआप जावयाकडे आला असता. पण राज्य मिळालं रायाचा भाऊ अच्युतदेवराय याला. पुढची तेरा वर्षं रामराय दबा धरून राहिला. आपली माणसं जोडत गेला, आणि तिरुमल व वेंकटाद्री हे दोन भाऊ त्याच्या पाठीशी उभे होते.

1542 मध्ये अच्युतरायही गेला. त्याचा मुलगा वेंकट लहान, म्हणून कारभार मुलाच्या मामाकडे, सलकराजू तिरुमलकडे आला. या मामानं भाच्यालाच मारलं आणि स्वतः राजा झाला.

(दृश्य : गुत्तीचा किल्ला, पायथ्यापासून माथ्यापर्यंत)

हा आंध्रातला गुत्तीचा किल्ला. अच्युतरायाचा पुतण्या सदाशिव इथं कैदेत होता. रामरायानं त्याला बाहेर काढलं, राजा म्हणून पुढे केलं आणि सलकराजूविरुद्ध फौज उभी केली. एकामागून एक लढाया झाल्या. सलकराजू मारला गेला, सदाशिवराय गादीवर बसला आणि राज्याच्या किल्ल्या रामरायाच्या कमरेला आल्या.

इथं एक गोष्ट आम्हाला ठासून सांगायची आहे. सलकराजूच्या हाती विजयनगर राहिलं असतं, तर ते 1565 पर्यंत तरी टिकलं असतं का? रामरायाला सत्तालोभी म्हणणारे खूप आहेत. त्यानं बुडतं राज्य वर काढलं, हे सांगणारे मोजकेच.

(दृश्य : हंपीचं विठ्ठल मंदिर, खांबांवरून सरकणारा कॅमेरा)

हे विठ्ठल मंदिर. भानुदासांनी हंपीहून विठ्ठलमूर्ती पंढरपूरला परत आणली, ही कथा आपल्या वारकऱ्यांना तोंडपाठ आहे. याच आवारातला हा उय्याले मंडप, देवाच्या झोपाळ्याचा. तो बांधला 1554 मध्ये, आरवीडू घराण्यातल्याच एका सरदारानं. शिलालेखात राजाचं नाव सदाशिवरायाचं. त्या काळातल्या दानपत्रांवर, शिलालेखांवर सगळीकडे सदाशिवराय असतो. हुकूम मात्र रामरायाचा. पुढे तर सदाशिवराय नजरकैदेतच राहिला. वर्षातून एकदा राजाला लोकांसमोर आणत, असं व्हेनिसचा व्यापारी सेझारे फेडरिची लिहून ठेवतो.

मोठमोठ्या जागांवर रामरायानं आपले नातलग बसवले. सैन्यात मुसलमान सरदार घेतले, तेही मानाच्या पदांवर. 1547 मध्ये गोव्याच्या पोर्तुगीजांशी तह केला. गोव्यात उतरणारे घोडे विजयनगरलाच विकायचे, विजापूरला नाही, हे त्यातलं मुख्य कलम. दख्खनच्या लढाया घोडदळावर जिंकल्या जात आणि चांगले घोडे समुद्रापलीकडून येत. एका कलमानं त्यानं शेजाऱ्याच्या पागा रिकाम्या ठेवायची सोय केली.

(दृश्य : बसवकल्याणचा किल्ला, दरवाजे आणि तट)

आणि हे कल्याणी, आजचं बसवकल्याण. चालुक्य सम्राटांची जुनी राजधानी. सोळाव्या शतकात विजापूर आणि अहमदनगर या किल्ल्यासाठी पुन्हापुन्हा भांडले आणि दर वेळी निकाल रामरायानं ठरवला. 1549 मध्ये बुरहाण निजामशहाला कल्याणी मिळालं, ते रामरायाच्या पाठबळावर. त्या दोस्तीत रायचूर-मुद्गल हा कृष्णा-तुंगभद्रेमधला पट्टा रामरायाकडे आला. मग त्यानं बाजू बदलली.

गोवळकोंड्याच्या इब्राहिम कुतुबशहानं भावाच्या भीतीनं पळून येऊन विजयनगरात सात वर्षं आसरा घेतला होता. विजापूरचा तरुण अली आदिलशहा, रामरायाचा मुलगा वारला तेव्हा, मोजक्या माणसांनिशी स्वतः समाचाराला आला. रामरायाच्या बायकोनं त्याला मुलगा मानलं. धर्माच्या नावानं ज्यांना ही गोष्ट सांगायची असते, ते हे प्रसंग वगळून सांगतात.

(दृश्य : अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला, खंदक)

हा अहमदनगरचा, आजच्या अहिल्यानगरचा भुईकोट. रामराय, आदिलशहा आणि कुतुबशहा यांच्या एकत्र फौजा या मुलखात शिरल्या. हुसेन निजामशहाला तह करावा लागला. कल्याणी द्यायचं आणि स्वतः रामरायाच्या छावणीत येऊन त्याच्या हातून विडा घ्यायचा, अशा अटी होत्या.

पुढचा प्रसंग फार्सीत लिहिणारा इतिहासकार फिरिश्ता सांगतो. हुसेनशहा आला, रामरायानं त्याचा हात हातात घेतला. हुसेननं तिथंच पाणी मागवून हात धुतले. रामराय संतापला आणि त्यानंही पाणी मागवून हात धुतले. मग कल्याणीच्या किल्ल्या हुसेननं रामरायाला दिल्या आणि रामरायानं त्या त्याच्यासमोरच आदिलशहाकडे धाडल्या. या मोहिमेत विजयनगरच्या सैन्यानं मशिदींची विटंबना केली, असंही फिरिश्ता लिहितो.

आमच्या मते रामरायाची सगळ्यात मोठी चूक इथं झाली. शत्रूला हरवणं त्याला छान जमलं होतं. हरलेल्याला मान राखून परत जाऊ देणं जमलं नाही.

(दृश्य : सोलापूरचा किल्ला)

सोलापूर. निजामशाही आणि आदिलशाहीत पिढ्यान्‌पिढ्या वैर कशावरून, तर या किल्ल्यावरून. ते वैर एका लग्नानं मिटवलं गेलं. हुसेनशहाची मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि आंदण म्हणून सोलापूर. अलीची बहीण हुसेनच्या मुलाला दिली. गोवळकोंडा आणि बिदरचे सुलतानही त्यांना सामील झाले. सात वर्षं विजयनगरचं अन्न खाल्लेला इब्राहिम आणि मुलगा मानलेला अली, दोघंही आता समोरच्या बाजूला होते.

(दृश्य : कृष्णा नदी, तंगडगीजवळचं पात्र)

लढाईला तालिकोटची म्हणतात, कारण सुलतानांचा तळ तिथं पडला होता. प्रत्यक्ष रण मात्र कृष्णाकाठच्या राक्कसगी आणि तंगडगी या गावांच्या परिसराशी जोडलं जातं. नदीचे उतार, म्हणजे ती पायी ओलांडायच्या जागा, विजयनगरच्या फौजेनं अडवून धरले होते. सुलतान काठाकाठानं पुढे सरकत राहिले, विजयनगरची फौज समोरच्या काठानं त्यांच्या मागं गेली. मग सुलतान झपाट्यानं मागं फिरले आणि मोकळ्या झालेल्या उतारावरून पार झाले.

(दृश्य : विजापूर, शेरझा बुरुज, तोफेचं तोंड)

विजापूरची ही मुलूखमैदान तोफ. वजन अंदाजे पंचावन्न टन. 1549 मध्ये अहमदनगरला ओतली, पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती, तिथून विजापूरला आली. निजामशाहीचा तोफखाना काय दर्जाचा होता, ते या एका तोफेवरून कळतं.

म्हातारा रामराय फौजेच्या मध्यभागी होता. समोर हुसेन निजामशहा. रामरायानं पैशांच्या राशी मांडून सैनिकांना बक्षिसं वाटायला सुरुवात केली, असं फिरिश्ता लिहितो. तोच पुढे सांगतो, की निजामशाही तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरल्या होत्या. त्या जवळून सुटल्या आणि विजयनगरची फळी फाटली. गोंधळात रामराय पकडला गेला. हुसेनशहानं लगेच त्याचं मस्तक उतरवायला लावलं. दोन मुसलमान सरदार ऐनवेळी फितूर झाले, हे फेडरिचीचं म्हणणं. तो विजयनगरला पोचला 1567 मध्ये, म्हणजे ही त्यानं ऐकलेली गोष्ट.

(दृश्य : हंपी, पडके मंडप, लांबून)

रामरायाचा भाऊ तिरुमल सदाशिवरायाला आणि हत्तींवर लादलेला खजिना घेऊन पेनुकोंड्याला निघून गेला. राजधानी काही महिने लुटली गेली. 1570 च्या सुमारास तिरुमल स्वतः राजा झाला. आरवीडू घराण्याचं राज्य पुढं बरीच वर्षं चाललं, पण कृष्णेपासून दक्षिणेकडचा मुलूख उघडा पडला. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेनं बेंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं.