अरबी समुद्राच्या तळाचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या धक्क्यावर एप्रिल-मे महिन्यात पाण्यात हात घाला, कोमट लागतं. त्याच अरबी समुद्रात तीन किलोमीटर खाली मात्र पाणी जेमतेम दोन अंशांचं. आपल्या उत्तरेला तर जमीनच आहे, गुजरात आणि पुढे पाकिस्तान-इराणचा मकरान किनारा. मग एवढी थंडी आली कुठून?

आली दक्षिणेकडून. अंटार्क्टिकाजवळ हिवाळ्यात समुद्र गोठतो, बर्फ होताना मीठ बाहेर टाकलं जातं, उरलेलं पाणी जड होऊन बुडतं आणि तळातळाने शतकानुशतकं सरकत राहतं. इतक्या संथ प्रवाहाचा माग यंत्राने कसा काढणार? तो पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांवरून काढतात. पृष्ठभागावरचं पाणी हवेतून कार्बन-१४, म्हणजे हळूहळू क्षय पावणारा किरणोत्सारी कार्बन, घेतं. बुडालं की पुरवठा तुटतो आणि आत असलेला ५,७३० वर्षांत निम्मा होतो. जितका कमी, तितकं पाणी जुनं. फक्त वाटेत जुनं-नवं पाणी मिसळत असतं, म्हणून हे वय सरासरीच समजायचं. अलीकडच्या दशकांसाठी जुन्या फ्रिजमधले सीएफसी वायू कामी येतात. ते १९३०च्या सुमारास वापरात आले. ज्या खोल पाण्यात ते सापडत नाहीत, त्याचा हवेशी संबंध त्याआधीच तुटलेला.

१९७७-७८ मध्ये समुद्राच्या रसायनाचा अभ्यास करणाऱ्या जिओसेक्स मोहिमेने हिंदी महासागरात पाण्याचे असे नमुने गोळा केले. आपल्या शेजारी, गोव्यात दोना पावलाला, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था समुद्राच्या रसायनाचा अभ्यास करते.

या मोजमापांवर संगणकाची मॉडेलं, म्हणजे समुद्राच्या गणिती प्रतिकृती, पारखली जातात, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. मॉडेलमधलं वरचं तापमान अगदी बरोबर येईल, तरी तळ चुकलेला असू शकतो. म्हणून मॉडेलच्या समुद्रातही कार्बन-१४ सोडतात, हजारो वर्षांचा काळ चालवतात आणि खऱ्या नमुन्यांशी ताडून बघतात. जुळलं नाही, तर प्रवाह किंवा मिसळण चुकली.

आपल्या समुद्रात मधल्या थरातही, साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीवर, एक अडचण आहे. तिथे प्राणवायू जवळजवळ नाही. त्या थराच्या वरच्या भागातलं पाणी पावसाळ्यात किनाऱ्याकडे वर चढतं, आणि मासळी जागा बदलते. अनेक जागतिक मॉडेलं मात्र हा पट्टा अरबी समुद्रापेक्षा बंगालच्या उपसागरात जास्त तीव्र दाखवतात. ही चूक सुटेपर्यंत त्यांनी कोकणच्या मासळीबद्दल वर्तवलेलं भविष्य मी तरी पक्कं धरणार नाही.