लहान आतड्याचा लिम्फोमा: निदान आणि उपचार, पोट न उघडता

श्रोतेहो, नमस्कार.

लिम्फोमा म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग; तो आतड्याच्या भिंतीतही होतो. लहान आतडं सुमारे सहा मीटर लांब. नेहमीची दुर्बीण वरून त्याच्या सुरुवातीपर्यंत आणि खालून शेवटच्या काही सेंटिमीटरपर्यंतच पोचते. मधल्या भागातल्या गाठीचं निदान त्यामुळे बहुधा ऑपरेशन टेबलावरच व्हायचं. 2001 साली जपानच्या डॉ. हिरोनोरी यामामोटो यांनी दोन फुग्यांची एन्टरोस्कोपी, म्हणजे लहान आतड्याची दुर्बिणीने तपासणी, मांडली आणि ही वाट मोकळी झाली. एक फुगा दुर्बिणीच्या टोकाला, दुसरा तिच्यावरच्या नळीला. ते आळीपाळीने फुगवून मागे ओढलं, की नेफ्यात नाडी ओवताना कापडाच्या चुण्या गोळा होतात तसं आतडं नळीवर गोळा होतं आणि दुर्बीण पुढे सरकते.

पोटात वारंवार कळा, घटणारं वजन, अंगातलं कमी झालेलं रक्त भरून न येणं, काळी शौच ही लक्षणं असली तर आधी काँट्रास्ट (चित्र स्पष्ट करणारं औषध) देऊन सीटी स्कॅन करतात. भिंत जाड दिसते. गंमत अशी, की या आजारात आतडं अरुंद होण्याऐवजी कधी कधी रुंदावतं, आणि अनुभवी रेडिओलॉजिस्टला तिथेच शंका येते. गोळीसारखा गिळायचा कॅप्सूल कॅमेरा छायाचित्रं देतो, पण तपासणीसाठी गाठीचा तुकडा घेऊ शकत नाही, म्हणजे बायोप्सी करू शकत नाही. शिवाय अरुंद जागा असेल तर तो तिथेच अडकतो आणि ऑपरेशन टाळायला निघालेल्यालाच ऑपरेशन करावं लागू शकतं.

तुकडा मात्र हवाच, आणि एक-दोन नव्हे, सहा-आठ. लिम्फोमाच्या पेशी नाजूक असतात, चिमट्यात चिरडल्या की ओळखू येत नाहीत. त्याहून मोठा घोटाळा म्हणजे निदानाआधीच स्टेरॉइड सुरू करणं. गाठ तात्पुरती विरघळते, बरं वाटतं, आणि तुकड्यात काहीच सापडत नाही. बायोप्सीआधी स्टेरॉइड घेतलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

प्रकार कळल्यावर उपचार ठरतात. ड्युओडेनममधला (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला) मंद वाढणारा फॉलिक्युलर प्रकार अनेकदा नुसता नजरेखाली ठेवतात. वेगाने वाढणाऱ्या मोठ्या बी-पेशींच्या (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) लिम्फोमाला 'आर-चॉप' देतात, म्हणजे रिटुक्सिमॅब, डॉक्सोरुबिसिन, विनक्रिस्टीन, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड अशा औषधांचा एकत्र संच: बहुधा दर 21 दिवसांनी एक, अशा सहा फेऱ्या. त्याआधी हिपॅटायटिस बी ची तपासणी आणि हृदयाचा इको चुकवू नका. रिटुक्सिमॅबमुळे दबलेला विषाणू उसळू शकतो आणि डॉक्सोरुबिसिन हृदयावर ताण आणतं.

खरा धोका पहिल्या काही आठवड्यांत असतो. गाठीने आतड्याची भिंतच व्यापलेली असते. औषधाने गाठ झपाट्याने मेली तर तिथे भोक पडू शकतं. म्हणून काही डॉक्टर सुरुवात कमी मात्रेने करतात आणि रुग्णाला दाखल ठेवतात. अचानक तीव्र दुखणं, पोट कडक होणं, सतत उलट्या, यातलं काहीही झालं तर त्याच घटकेला रुग्णालय गाठा. इथे ऑपरेशनच जीव वाचवतं. आर-चॉपमधल्या प्रेडनिसोलोनमुळे दुखणं आणि ताप दबून राहतात, हे ध्यानात असू द्या. पोट थोडंसंच दुखतंय म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. विनक्रिस्टीनने बद्धकोष्ठ होतं, पण पोट फुगलेलं असताना आपल्या मनाने जुलाबाचं औषध वा एनिमा घेऊ नका.

उपचार संपल्यावर काही महिन्यांनी जेवणानंतर कळा येऊ लागल्या तर आजार उलटलाच असं समजू नका. गाठ गेल्यावर उरलेला व्रण आकसूनही आतडं अरुंद होतं. पेट स्कॅन (जिवंत गाठ उजळून दाखवणारी तपासणी) करून आणि पुन्हा तुकडा घेऊन खात्री करतात, आणि नुसता आकसलेला व्रण असेल तर तो त्याच दुर्बिणीतून फुगा घालून रुंदावता येतो.